सव्वाअकराची पेटी

आजींचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला की चर्चमधली सगळी मंडळी गीतांची पुस्तकं उघडायची. पाळकसाहेबांचा उपदेश तेव्हा ऐन रंगात असायचा, पण ती गोष्ट वेगळी. तो पाय पायपेटीच्या भात्यावर पडायचा, एक बारीकसा सूर निघायचा आणि हळूहळू मोठा व्हायचा. पाळकसाहेब आवाज चढवायचे. पेटीही चढायची. शेवटी "आमेन" व्हायचं. घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असायचे. तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही घड्याळ सोडून त्या पायाकडेच बघत बसला असता.

आजी येरवड्यात माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. दर रविवारी पहाटे उठून बारा डबे भरायच्या. सरकारी दवाखान्यात ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, अशा पेशंटांसाठी. भेटीची वेळ बारापर्यंत. वॉर्डाच्या दारावरचा शिपाई बारानंतर देवालाही आत सोडणार नाही, असं आजी सांगायच्या.

त्यांना तिथं पोचवायचं काम माझं. मी काही चर्चचा नव्हे, नुसता स्कूटरवाला शेजारी. शेवटच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसायचो. एकदा भरात येऊन गीताला साथ दिली. बाहेर पडल्यावर आजी म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाऊ नका. तुम्ही गाडी चालवा." स्वतः मात्र मागे बसून खड्या आवाजात गायच्या. शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. सिग्नल हिरवा झाला की कडव्याच्या मध्येच माझ्या पाठीत बोट टोचायच्या.

पाळकसाहेब नवे होते तेव्हा त्यांनी तक्रार करून पाहिली. "आजी, माझा मुख्य मुद्दाच राहून जातो हो."

"मग तो आधी सांगत चला. देवाला वेळ पुष्कळ आहे, साहेब. शिपायाला नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम 'धीर' हाच विषय घेतला. आजींनी सव्वाअकरापर्यंत धीर धरला.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. गुरुवारी त्यांना माती दिली आणि रविवारी सकाळी त्यांच्या सुनेने बारा डबे माझ्या हातात ठेवले. मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

त्या दिवशीचा उपदेश अर्थातच आजींवर होता. पाळकसाहेबांना इतक्या वर्षांत प्रथमच मोकळं रान मिळालं होतं. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. लोक बंद पेटीकडे बघत होते, काहींनी सवयीने पुस्तकंही उघडून ठेवली होती. आजींच्या सेवेचं कौतुक ऐकता ऐकता आजींचेच डबे राहणार, हे मला बघवेना. मी उठलो, पेटीचं झाकण उघडलं, पायाने भाता मारला आणि हाताला आली ती पट्टी दाबली. मला पेटी येत नाही. म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. पाळकसाहेब दचकले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि "आमेन" म्हणाले. सगळी मंडळी एकदम उभी राहिली.

वॉर्डापाशी पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दार सताड उघडं होतं. शिपाई चौकटीला टेकून उभा होता.

"आज लई उशीर केलात. आजी कुठं राहिल्या?"

मी सांगितलं. मग त्याने माझ्या हातातली एक पिशवी घेतली.

"पण तुम्ही तर बाराला दार लावता ना?" मी विचारलं.

"लावतो की. पण रविवारी आजी येऊन गेल्याबिगर कधीच लावलं नाय."

पाळकसाहेबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी सव्वाअकराला उठतो आणि तीच एक पट्टी दाबतो.