मधलं दार

चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून तो भिंगं घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा आणि बाहेरून हाक आली की एखाद्या गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट वाकवून द्यायला पुढे यायचा. दुकानात सगळे त्याला भिंगवाला म्हणत. लग्न त्याने केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." आणि खरोखर तेवढंच होतं. कुणी त्याला नकार दिला नव्हता, कारण विचारायची वेळच त्याने येऊ दिली नव्हती.

राहायला तो थोरल्या भावाकडे होता. भाड्याच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत त्याची खाट. पुतणी अभ्यासाला त्याच खाटेवर बसायची. तिचा पसारा बाजूला सारल्याशिवाय त्याला पाठ टेकता यायची नाही. वहिनी जेवायला वाढताना रोज विचारायची, "भावजी, आज किती जणांचे डोळे उघडलेत?" तोही रोज काहीतरी आकडा ठोकून द्यायचा आणि पुतणी म्हणायची, "काका, थापा!"

पुढे दोघा भावांनी मिळून शहराच्या कडेला जागा घेतली. घर एकच, पण भाग दोन करायचे, असं दादाचं म्हणणं पडलं.

"तुझं म्हणून काही असू दे रे. उद्या जावई आला तर खाट डोक्यावर घेऊन पळशील कुठे?"

वहिनीला काही ते पटेना. तिने नाक मुरडलं, दोन दिवस हट्ट धरून बसली आणि मग स्वतःच तोड काढली. मधल्या भिंतीत दार ठेवायचं. त्याच्या खोलीतून निघालं की थेट तिच्या स्वयंपाकघरात. "कडी नावाला लावा," ती म्हणाली, "घालायची मात्र नाही."

बांधकाम चालू असताना सुट्टीच्या दिवशी भिंतींवर पाणी मारायला तोच जायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, हातात पाइप धरायचा. परतल्यावर विटा कुठवर आल्या ते हाताने दाखवायचा. आधी कमरेएवढ्या, मग खांद्याएवढ्या.

गिलावा चालू असतानाच दादाला बढती मिळाली आणि लांबच्या शहरात बदली झाली. पुतणी आधीपासून तिथेच शिकत होती. दादा बरेच दिवस विषय टाळत राहिला. शेवटी वहिनीनेच सांगितलं.

"दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, भावजी. बघता बघता जातील."

"जातील की," तो म्हणाला, आणि त्यांचं सामान बांधू लागला. बांधण्यात त्याचा हात बसलेला होता. एक कप फुटला नाही.

किल्ल्या घ्यायला दादा येणार होता. सकाळी त्याचा फोन आला, सुट्टी मिळाली नाही. मग भिंगवाला एकटाच गेला. कंत्राटदार फाटकाशी उभा होता, दोन्ही हातांत एकेक जुडगा.

"मंडळी कुठाहेत? सगळ्यांचा फोटो काढतो मी, किल्ली देताना."

"मीच मंडळी."

कंत्राटदाराने तरी फोटो काढलाच. "जरा हसा की साहेब, घर झालंय!" मग त्याने सगळे नळ सोडून दाखवले, दिवे लावून दाखवले, एक खिडकी अडत होती तिच्यावर खांदा मारला, आणि पुढच्या कामावर निघून गेला.

घर शांत झालं. रंगाचा वास होता. त्याने मधलं दार ढकललं आणि पाऊल टाकता टाकता सवयीने म्हणाला, "आलो."

रिकाम्या स्वयंपाकघरात त्याचाच आवाज मोठा होऊन परत आला. ओटा मुद्दाम बुटका करून घेतलेला होता, वहिनीच्या उंचीचा. त्याच्या मांडीला लागत होता. तो तिथे थोडा वेळ टेकला. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं असं त्याला वाटलं, आणि पाहायला कुणी नाही हे लगेचच ध्यानात आलं. तो आपल्या बाजूला परतला आणि दार ओढून घेतलं.

दादाचा भाग भाड्याने गेला. नवराबायको, दोघंही इस्पितळात कामाला. माणसं सालस होती. बाई चार दिवसांनी संकोचत आली.

"काका, राग मानू नका, पण ते दार... आमच्या कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या. झोपेला जरा अवघडल्यासारखं होतं."

त्याने दादाला फोन लावला. "तू म्हणशील तसं," दादा म्हणाला.

"त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला.

गवंडी आला. चौकट काढू का म्हणाला, तर हा म्हणाला, काढा. दुपारपर्यंत विटा लागल्या, मग गिलावा झाला. गवंडी गेल्यावर त्याने स्वतःच ओल्या भिंतीवर पाणी मारलं.

दोन-तीन वर्षं केव्हाच उलटली. मग एकदा दादा एकटाच आला. केस पांढरे झाले होते. चहा घेऊन झाल्यावर उठला आणि भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "इथेच होतं ना?"

"जरा डावीकडे."

दादा पाठमोराच राहिला. "तिकडे फ्लॅट घेतोय. तिला तिकडची सवय झालीय. पोरीचं सासरही जवळच."

"चांगलं केलंत."

"रागावलायस?"

"राग आला असता तर बरं झालं असतं, दादा. भांडून मोकळा झालो असतो." तो कपबशीकडे पाहत म्हणाला. "करमत नाही मला."

इतक्या वर्षांत एवढं तो कधी बोलला नव्हता. "चल मग आमच्याकडे," दादा घाईघाईने म्हणाला.

"बाहेरच्या खोलीत?"

दोघंही हसले. हसता हसता दादाने चष्मा काढून डोळे पुसले, आणि याने तो चष्मा हातात घेऊन पाहिला. काडी सैल होती. त्याने खिशातून बारीक पेचकस काढला आणि तिथल्या तिथे आवळून दिली.

दुसऱ्या दिवशी दादा गेला. जाताना फाटकाशी दोनदा थांबला.

हल्ली संध्याकाळी गल्लीतली माणसं त्याच्या ओसरीवर येतात. कुणाचा स्क्रू पडलेला असतो, कुणाचं नाकावरचं रबर झिजलेलं असतं. काम चुटकीसरशी होण्यासारखं असतं, पण तो सावकाश करतो. "झालं का?" विचारलं तर म्हणतो, "बसा हो, भिंगं पुसून देतो." मग तो पुसत राहतो, आणि समोरचा माणूस चष्म्याविना अंधुक नजरेने रस्त्याकडे पाहत त्याच्याशी बोलत राहतो.