न फाडलेलं तिकीट

आक्का, लग्नानंतर पुण्याच्या यष्टीत बसले, तेव्हा आईनं खिडकीतून हात घालून माझा दंड धरला होता, आठवतं? "शहरातलं माणूस गोड बोललं, की दोनदा बघ," म्हणाली. मी दहादा बघत आले.

पहिल्याच महिन्यात हे मला नाटकाला घेऊन गेले. इस्त्रीची साडी, गजरा, सगळं झोकात. पण तिथली माणसं इतकी गप्प, की मला वाटलं, नक्की काहीतरी शिजतंय. आपल्या जत्रेतल्या नाटकात आपण सगळे मिळून भोळ्या पात्राला कसे सावध करायचो! इथं नाटकातला दीर भावजयीकडं गोड बोलून सही मागायला लागला आणि कुणी हूं की चूं करेना. मीच ओरडले, "बाई, सही करू नगंस! लबाड हाय त्यो!"

पुढच्या खुर्चीतल्या बाई वळल्या. "त्यांना माहीत आहे. तालीम झालीये त्यांची."

अख्खी रांग हसली. मध्यंतरातला बटाटेवडा मी ह्यांच्याच हातात दिला. "मेले तरी इथं पुन्हा पाय ठेवणार नाही," मी रिक्षात म्हटलं. हे बाहेर रस्त्याकडं बघत राहिले. मी ठरवून टाकलं, ह्यांना माझी लाज वाटते.

मग हे एकटेच जायला लागले. एकदा धुवायच्या सदऱ्यात दोन तिकिटं सापडली. ती ह्यांच्यापुढं धरली.

"कोण आहे ती?"

"नीट बघ," हे म्हणाले. एक फाडलेलं होतं, एक अख्खं. "दर वेळी दोन काढतो. तुला विचारायचा धीर होत नाही."

खोटं कशाला सांगू, माझा विश्वास बसला नाही. खात्री करायलाच पुढच्या रविवारी मी ह्यांच्याबरोबर गेले. दारावरचा माणूस ह्यांना म्हणाला, "साहेब, आज दोन्ही फाडू?" तेव्हा कुठं मला रडू आलं.

आता आम्ही पुण्यातच, वारज्याला असतो. तू फोनवर विचारतेस, "घरी कधी येणार?" कुठल्या घरी, असं मनात येतं आणि तुझ्यापाशी ते बोलवत नाही. आवडणार नाही तुला, पण सांगते, आता माझं घर इथंच. परवा नाटकात एक जण असाच गोड गोड बोलत होता. आणि आमचे हे, जन्मभर शुद्ध बोललेले, मोठ्यांदा म्हणाले, "लबाड हाय त्यो!"

पुढची मुलगी वळली. मी तिला म्हटलं, "तालीम झालीये त्यांची. माझ्याकडे."