पाखऱ्याच्या पापण्या

पोळ्याच्या दिवशी बैलाइतका मानाचा पाहुणा नाही. दारोदार थांबायचं, पाय धुऊन घ्यायचे, पुरणपोळी खायची आणि आभार न मानता पुढं जायचं! यंदा मात्र सगळ्या गल्लीचं लक्ष महादूअण्णाच्या दाराकडे होतं. त्यानं आपल्या पाखऱ्या बैलाला इतकं मारलं होतं, की कोर्टानं बैल काढून घेऊन शेजारच्या सखारामकडे दिला आणि अण्णाला जनावर पाळायला बंदी केली.

"आज पाखऱ्यानं माझ्या हातची पोळी खाल्ली, तर बंदी उठवा म्हणून अर्ज करीन. तुम्ही सगळे साक्षीदार," अण्णा म्हणाला.

"मग तूप जास्त घाल की! खरा साक्षीदार तर तोच आहे," मी ओरडलो. गल्ली खदखदून हसली.

सखारामच्या मागून पाखऱ्या आला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. कुणी न अडवता तो नेमका त्याच दारात थांबला आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज एकदम बंद पडला. कललेल्या उन्हात अण्णानं हसत पोळीचा हात उचलला.

बैलानं डोळे घट्ट मिटले. मान खाली घातली आणि तो तसाच थिजून राहिला, अण्णाकडे असताना रोज राहत असेल तसा.

कोर्टाची बंदी कधीतरी उठेलही. या पापण्यांना कुठला अर्ज करायचा?

"घे रे राजा," अण्णा पुटपुटला. पाखऱ्या श्वाससुद्धा घेत नव्हता.

शेवटी सखाराम हळूच म्हणाला, "अण्णा, हात खाली घे. त्याशिवाय तो हलायचा नाही."