चार वह्यांचे शब्द आणि एक हिरवं बटण

अप्पा लग्नांत स्वयंपाक करायचे. आडी आणि मार्गळी या दोन तमिळ महिन्यांत इकडे तंजावूरला लग्नं होत नाहीत, म्हणजे अप्पांना कामच नसे. मग अम्मा शेजारपाजारच्यांना इडलीचं पीठ दळून द्यायची आणि आम्ही बहिणी डबे पोचवायचो. अप्पा-अम्मा दोघांचीही शाळा आठवीच्या आत सुटलेली. मी कॉलेजात गेले, कॉम्प्युटर सायन्स घेतलं. घरातली पहिली पदवीधर मी, हे मी आजही न लाजता सांगते. घरी कॉम्प्युटर मात्र नव्हता. लॅबमध्ये एका मशीनवर तिघी बसायचो, म्हणून कमांड मी वहीत लिहून पाढ्यांसारख्या पाठ करायचे. अप्पा चिडवायचे, "पेटीवाचून पेटीचा अभ्यास? मी चुलीवाचून सांबार करून दाखवू का?"

पदवीनंतर तंजावूरच्या जुन्या बसस्टँडजवळ एका टायपिंगच्या दुकानात लागले. मालक तमिळ, कॉम्प्युटर तीन, दिवसभर लोकांचे अर्ज. तिथं पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या मराठी माणसांतले एक मामा यायचे, निवृत्त पोस्टमास्तर. नात्याचे नव्हेत, पण मी मामाच म्हणायचे. आमच्या घरांतले जुने मराठी शब्द त्यांनी चार वह्यांत गोळा केले होते, तमिळ अक्षरांत. आमच्यातल्या फार थोड्यांना देवनागरी वाचता येते; तेव्हा मलाही येत नव्हती. मामांची नातवंडं मराठी समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. त्यांच्यासाठी मामांना पुस्तक करायचं होतं. एकेक वही माझी टाइप करून झाली की मामा ती रद्दीत घालत. "पेनड्राइव्हात आली की आता. घरात कागद कशाला?"

चौथी वही संपली त्या दिवशी मामा म्हणाले, "प्रत्येक शब्द शेजारी आपल्या खऱ्या लिपीतही पाहिजे गे. मुलांना दिसू दे तरी."

देवनागरी फॉन्ट शोधायला मी इंटरनेटवर गेले. एक पान उघडलं, वरपासून खालपर्यंत देवनागरी. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ऊर भरून आला. आपल्या माणसांचं पान! तेच तमिळ किंवा इंग्रजी असतं तर मी वाचलं असतं, शंका घेतली असती. आपलं दिसलं म्हणून काही पाहिलं नाही. मोठं हिरवं बटण होतं, दाबलं. अँटिव्हायरसनं अडवलं. पानावर ढालीवर, म्हणजे अँटिव्हायरसच्या खुणेवर, फुली मारल्याचं चित्र होतं, म्हणून मी अँटिव्हायरसच बंद केला. कॉम्प्युटरनं विचारलं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? मी होय म्हटलं. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' होतं. ते फॉन्टच्या फाइलीला नसतं, प्रोग्रामला असतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

फॉन्ट काही आला नाही. मामांचा पेनड्राइव्ह उघडला तर वह्यांचा फोल्डर गायब, त्याच्या जागी बाणाचं चिन्ह असलेला एक शॉर्टकट. पाठोपाठ दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हांचंही तेच झालं.

मालक उठून आले. "काय गं हे? पेनड्राइव्ह, मशीन, सगळं फॉर्मॅट करून टाक. रांग बघ किती आहे."

"सर, फॉर्मॅट केलं तर मामांच्या वह्या जातील."

"नाही केलं तर माझी गिऱ्हाइकं जातील. त्यांच्या मागनं तू."

मामा बाकावरून ऐकत होते. "काय गे, जेवली का तुझी पेटी माझे शब्द?" हसून म्हणाले खरं, पण बाकावरून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. पहिल्यांदा नेटची वायर उपटली, म्हणजे निदान पुढं पसरणार नाही. मग पेनड्राइव्हात किती जागा भरली आहे ते पाहिलं. आत दिसत होता तो एक शॉर्टकट, आणि जागा मात्र पूर्वीइतकीच भरलेली! म्हणजे वह्या गेल्या नव्हत्या. व्हायरसनं त्या लपवल्या होत्या आणि दारात शॉर्टकट उभा केला होता. त्यावर क्लिक करणारा प्रत्येकजण व्हायरसला आपल्या हातानं आत घेणार.

मालकांचा घरचा लॅपटॉप मागवला. त्यावर अँटिव्हायरस ताजा करून घेतला, पेनड्राइव्ह न उघडता आधी तपासला आणि मग लपलेल्या फाइली दाखवणारी ती पाठ केलेली कमांड टाइप केली. चुकीची स्पेस पडली, पुन्हा केली. फोल्डर आला. चारही वह्या आत.

"आहेत?" मामांनी विचारलं.

"आहेत मामा."

"सगळ्या मोजून बघ."

मोजून दाखवल्या. फक्त वह्यांच्या फाइली उचलल्या, बाकीचं पुसलं. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हांचंही तसंच केलं. दुकानातलं ते मशीन मात्र साफ पुसून त्यावर सगळं नव्यानं घातलं. तेव्हा एक गोष्ट कळली: देवनागरी त्यात पहिल्यापासूनच होती. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड चालू करायचा, बस्स. बाहेरून काही आणायची गरजच नव्हती.

आता बाहेरचा पेनड्राइव्ह आधी कोपऱ्यातल्या जुन्या, नेट नसलेल्या मशीनवर तपासला जातो. अपडेट आलं की त्याच दिवशी घालायचं, अँटिव्हायरस कुणीही बंद करायचा नाही, आणि प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची. अम्माला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मडीच की. सोवळं. बाहेरनं आलं की थेट स्वयंपाकघरात नाही. एवढ्यासाठी तीन वर्षं कॉलेज?"

मालकांनी मला कामावरून काढलं नाही. गिऱ्हाइकांना हे नियम आता तेच ऐकवतात, स्वतः शोधून काढल्यासारखे.

पुढं मी संध्याकाळी मामांकडे बसून देवनागरी शिकले. ळ मला अजून वाकडाच येतो. मामांचं पुस्तक छापून झालं, चारही वह्यांतल्या एकूण एक शब्दासकट, आणि देवनागरीचा सगळा रकाना मी टाइप केला.