जीपपुढचे पाय

लेखनाचा कसलाही सराव नसताना आपल्यापुढे येण्याचे धाडस करते आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. आयुष्यभर संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले. मराठीत असे काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही निवृत्तीनंतर. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे, असेही म्हणवत नाही...

दोन हजार पाच-सहाचा सुमार असावा. मी आणि माझा नवरा श्रीकांत पुण्यातल्या एका लहान कंपनीत होतो. शेतातून, माळावरून चालकाविना जाणारी जीप तयार करणे हे आमचे काम. चाचण्या शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या माळावर चालत. जीपच्या बंपरवर, गुडघ्याच्या उंचीला लेझर सेन्सर बसवला होता. पुढे माणूस चालू लागला की त्याचे दोन पाय संगणकाच्या पडद्यावर दोन ठिपके होऊन उमटत आणि जीप त्या ठिपक्यांमागोमाग जाई. पुढे चालण्याचे काम श्रीकांतचे, पडद्यावर लक्ष ठेवण्याचे माझे.

जमीन तिथल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, आबांची. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. बांधावर बसून ते आमची गंमत पाहत.

"आमची मेंढरं बी अशीच मागनं यायची, सायेब. पर त्यास्नी डिझेल लागत न्हवतं!"

"आणि लेंड्या तरी पडायच्या, आबा," श्रीकांत म्हणे. "ही नुसताच धूर सोडते."

माळाच्या मध्यावर म्हसोबा आहे – शेंदूर फासलेला दगड. आबांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "म्हसोबाम्होरनं पायताण घालून जायचं न्हाई." म्हणून श्रीकांत तिथे थांबे, बूट काढून हातात घेई, दगड उजव्या हाताला ठेवून वळसा घाली आणि पलीकडे जाऊन बूट पुन्हा चढवी. तो थांबे तेव्हा जीपही मागे शहाण्यासारखी उभी राही.

त्या थंडीत श्रीकांत गेला. दौंड स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना, हृदयविकाराने. मी पुण्यात होते. पोहोचले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. शेवटची नजरभेट झाली नाही – हे एकच दुःख मला आतून कुरतडत राहिले.

काही आठवड्यांनी चाचण्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. प्रोग्रॅम माझाच असल्याने मला जाणे भाग होते. सकाळचे लख्ख ऊन होते. जीपच्या मागच्या सीटवर, पडद्यासमोर, आमचा सहकारी नितीन बसला होता. मी खाली, जीपच्या बाजूला उभी होते. पुढे चालायला अजून कोणी उभेही राहिले नव्हते... आणि जीप निघाली.

"नितीन, समोर कोण आहे?"

"कोणी नाही, मॅडम. पण... पाय दिसतायत."

थांबवायचे लाल बटण दाबणे आम्हां दोघांनाही सुचले नाही. मी बाजूने चालत राहिले. जीप माणसाच्या चालीने जात होती. म्हसोबापाशी ती थांबली. बूट काढायला लागावा तेवढा वेळ थांबली, मग दगड उजवीकडे ठेवून वळली, आणि पलीकडे जाऊन पुन्हा थांबली. जुनी वाट लक्षात ठेवण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. तो मीच लिहिला होता.

आबा उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, म्होरं जाऊ नगा."

मी गेले. जीपच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"मॅडम..." नितीन मागच्या सीटवरून म्हणाला. "आता चार पाय आहेत. दोन तुमचे. दोन तुमच्यासमोर, हातभर अंतरावर."

मला फक्त माळ दिसत होता. मी हात पुढे केला. कसलाही स्पर्श झाला नाही. "श्री," एवढेच म्हणू शकले.

बऱ्याच वेळाने नितीन म्हणाला, "दोनच राहिले, मॅडम."

आम्ही सेन्सरची काच पाहिली, तारा तपासल्या, प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. दोष सापडला नाही. तसे पुन्हा कधी घडलेही नाही. "भेटून गेलं म्हना, बाई," एवढेच आबा म्हणाले.

तसे म्हणून पाहिले. मन मानत नाही. त्या लेझरला चेहरा दिसत नसे. नुसत्या दोन ठिपक्यांवरून माणूस पाठमोरा उभा आहे की आपल्याकडे तोंड करून, हे कळण्याचा मार्गच नव्हता. आणि जीपपुढे श्रीकांत नेहमी पाठमोराच असायचा...

आपल्याला काय वाटते – तेव्हा तो माझ्याकडे वळला असेल का?