अण्णांच्या पानाची जागा

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा अर्ध्यातच सोडते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, रडणारी कुत्री... खरं सांगायचं तर हसू येतं. मी काशीतली, दुर्गाघाटावर जन्मलेली. आमच्या गल्लीच्या तोंडावरून दिवसभर मणिकर्णिकेकडे तिरड्या जातात. लहानपणी त्या मोजणं हा आम्हा भावंडांचा खेळ होता. गेलेला माणूस परत येतो असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही, असं म्हणायला जाते आणि एका सकाळपाशी अडते. म्हणून लिहितेय. कुणाला पटवायचं वगैरे नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर – दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गंगेकडे उघडणारी एक खिडकी. राहणारी माणसं दोन, माझे वडील अण्णा आणि मी. आई मी कॉलेजात असतानाच गेली. अण्णांचं बघायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी मीच, हे कोणी न बोलता ठरलं. लग्न राहून गेलं. धाकटा भाऊ श्रीधर दिल्लीत, लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची फरशी बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता.

एका दिवाळीला त्यानं कुठल्यातरी कामातून उरलेली खोकी पाठवली, मागोमाग एक कारागीर पाठवला, आणि आमच्या बाहेरच्या खोलीतल्या चुनारच्या दगडावर लॅमिनेट चढलं. अण्णांना कोण अभिमान! येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, "आमच्या श्रीनं टाकलीय. दिल्लीत बड्या लोकांकडे असते." त्याच खोलीत दोन्ही वेळचं जेवण वाढणारी मी बाजूलाच उभी असायचे.

तर जेवणाचं ऐका. अण्णा जेवायला पाटावर बसत, सोवळं नेसून, खिडकीसमोरच्या ठरलेल्या जागी. आधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, मग उजव्या बाजूला चित्राहुती घालायच्या. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते – जेवण्यापूर्वी भाताच्या चिमूट-चिमूट मुदी जमिनीवर ओळीनं ठेवतात, यमाच्या, चित्रगुप्ताच्या नावानं. अण्णांच्या हाताला कंप होता, त्यामुळे शेवटची चित्राहुती दरवेळी ओळ सोडून खाली पडायची. जेवून ते उठायचे आणि हात धुवायला जायचे. ताट मी उचलायचं, खरकटं मी काढायचं, आणि त्या जागेवरून ओल्या शेणाचा गोळा मी फिरवायचा. त्याशिवाय जागा शुद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दगडाला शेण चालतं. लॅमिनेटला चालत नाही.

"अण्णा, श्री म्हणतो याला पाणी लावायचं नाही," मी एकदा म्हटलं.

"तो फरशीबद्दल बोलला, धर्माबद्दल नाही बोलला," अण्णा म्हणाले. "तू पोछा जरा हलक्या हातानं मार."

व्हायचं तेच झालं. फरशी मळकट, आंधळी दिसायला लागली. मी साबणानं घासली, तर वर पांढुरका थर बसला. चमक यावी म्हणून खोबरेल चोळलं, तर त्यावर धूळ चिकटली. आणि अण्णांच्या पानाची जागा तर कामातूनच गेली. पाटाच्या घासण्यानं, पाण्यानं, शेणानं तिथला वरचा पापुद्रा निघाला आणि खालचा करडा भाग दिसू लागला.

शेवटच्या हिवाळ्यात अण्णा अंथरुणाला खिळले. श्री भेटायला आला होता. अण्णांनी त्याला जवळ बसवलं आणि माझ्यादेखत म्हणाले, "श्री, हे घर ताईचं आहे बरं का. मी गेल्यावर हिला इथून कोणी हलवायचं नाही."

"हां अण्णा, बिलकुल," श्री म्हणाला.

अण्णा गेले. वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पंडाइन चाचींनी हाक मारली. त्यांच्याकडे फोन होता. पलीकडून श्री.

"ताई, एक पार्टी आहे, गोरखपूरची. घर बघायला येणारेत. तू आता दिल्लीलाच ये ना, बच्चों को भी अच्छा लगेगा."

"आणि अण्णा काय बोलून गेले?"

"अगं, ते बीमारीत बोलले. इमोशनल झाले होते." मग लगेच, "आणि हां, त्या फरशीचं काहीतरी कर. फर्स्ट इम्प्रेशन तेच आहे. साबण नाही, तेल नाही, वॅक्स तर अजिबात नाही. कोमट पाण्यात थोडा सिरका, म्हणजे व्हिनेगर घाल, कपडा घट्ट पिळ, लाकडाच्या रेषा आहेत ना, त्या दिशेनं पूस. आणि लगेच सुक्या कपड्यानं कोरडं कर."

म्हणजे ज्या घरातून मला काढायचं, त्याची फरशी मीच लखलखीत करायची. आणि मी केली. मळकी फरशी मला बघवत नाही, जन्माची खोड आहे. हात भरून येईपर्यंत पुसत होते. हळूहळू साबण-तेलाचा थर निघाला आणि खालून खरंच चमक आली. फक्त अण्णांची जागा तशीच राहिली. करडी, खरबरीत.

श्री आणि त्याची बायको आदल्या दिवशी आले. त्यानं ती जागा बोटानं चाचपली. "वरचा थरच गेलाय. हा परत येत नाही ताई, आमच्या कंपनीतही होत नाही. दरी टाक वरून."

दरी, म्हणजे आपली सतरंजी, टाकली. मला आतून बरं वाटत होतं, उगाच कशाला लपवू. मी ठरवलं होतं की माणसं आली की दरी गुंडाळायची आणि सांगायचं, ही माझ्या वडिलांच्या पानाची जागा आहे, आणि हे घर त्यांनी मला दिलंय. तोंडी शब्दाला दाखवण्यासारखी तेवढी एकच खूण माझ्याकडे होती.

त्या दिवशी एकादशी होती. घरात भात शिजला नव्हता, तिघांनीही साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवरून ऊन आत आलं होतं. श्री दाढी करत होता, त्याची बायको आत केस विंचरत होती. मी एकदा बघून घ्यावं म्हणून दरीचं टोक उचललं.

जागा चमकत होती. बाकीच्या फरशीपेक्षा जास्त, खोक्यातून आत्ताच काढल्यासारखी. मी नखानं खरवडून पाहिलं, वर काहीही लावलेलं नव्हतं. मधोमध ताटाच्या आकाराचं पाण्याचं कडं होतं, ओलं. उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती. शेवटची ओळ सोडून खाली.

मी बोट लावलं. शितं मऊ होती, कोमट होती. वर रात्रभर दरी होती, तरी एक शीत चेपलेलं नव्हतं. आणि दरी खालून कोरडी ठाक...

"वा ताई, कमाल केलीस!" मागून श्रीचा आवाज आला.

"मी काही नाही केलं. हे बघ."

त्यानं पाहिलं. शेवटच्या चित्राहुतीपाशी त्याची नजर थांबली, गालावरचा साबण तसाच. ते कुणाचं आहे हे त्याला कळलं, हे मी शपथेवर सांगेन. लहानपणी तोही त्याच पंगतीत बसायचा. मग तो वाकला, शितं तळहातावर गोळा केली, खिडकीतून कबुतरांना टाकली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पाणी टिपलं.

"ते लोक येतच असतील," एवढंच म्हणाला.

गोरखपूरवाले आले. घर त्यांना म्हाताऱ्या आईच्या काशीवासासाठी हवं होतं. ती आईसुद्धा बरोबर होती. खोलीभर नजर फिरवून ती सरळ त्या जागेवर जाऊन बसली, फरशीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, "बेटा, हम यहीं बैठकर खाएँगे." मी तोंड उघडलं होतं. पण दाखवायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं.

मी दिल्लीला गेले नाही. ब्रह्माघाटाजवळ एका खोलीत भाड्यानं राहते, शिकवण्या करते. खोलीची जमीन दगडाची आहे.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. श्रीनं काही लावलं असेल म्हणावं, तर पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानंच मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सच बता, तू तेव्हा काय लावलं होतंस?" आयुष्यभर फरशा विकलेला माणूस, पण त्यालाही कळलेलं नाही. त्याची बायको म्हणाल, तर तिला चित्राहुती हा शब्दही माहीत नव्हता.

पंडाइन चाची मात्र ठाम होत्या. "बाबूजी आए रहे, बिटिया. देखे कि तू रगड़-रगड़ के मरी जा रही है, तो काम हलका कर गए."

चाचींचं मन चांगलं, म्हणून त्यांना तसं दिसलं. मी मात्र अण्णांना जन्मभर वाढलं आहे. त्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, कधी स्वतःच्या पानाची जागा पुसली नाही. ती पुसली एकदाच – लेकाचं गिऱ्हाईक येणार होतं, त्या सकाळी.