पत्र्यावर पडलेलं जेट

उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, जवळ आली की सगळ्या सुरतेला गच्चीवर जायची घाई होते आणि मला गच्ची नकोशी होते. त्याला कारण एक खेळणं आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

खेळणं माझ्या नवऱ्याचं. चाळिशीला आलेला माणूस, दिवसभर लूमवर साडीचं कापड विणतो आणि घरी आला की हातपाय धुऊन आधी कपाटावरचा एक खोका उतरवतो. खोक्यात लाल-पांढरं जेट. त्याचे पंख मागे ओढले, छाती उलटी फिरवली, पोटातून पाय बाहेर काढले की त्याचा रोबो होतो, आणि पुन्हा दुमडलं की विमान. लहानपणी धुळ्याकडच्या गावी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्याने हा रोबो पाहिला आणि तो डोक्यात बसला तो बसलाच. कुणा शौकिनाकडून त्याने हे जेट मिळवलं तेही खोक्यासकट, कारण खोका नसला तर म्हणे वस्तूला काही अर्थ नाही. मी एकदा त्या खोक्यावर मेथीची जुडी ठेवली तर हा संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही.

अशा वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. जेट खरंच उडतंय असा फोटो काढायचा आणि तिथे टाकायचा. अट एकच, दोरा दिसता कामा नये. इतर लोक त्यासाठी काय काय विकत घेतात, पण लूमवाल्याच्या घरात दोरा कोण विकत आणतो? हा खात्यातून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून, पारदर्शक यार्नचा तुकडा आणायचा. केसासारखं बारीक, ओढलं तर बोट कापेल पण तुटणार नाही. आपल्या यार्नवर त्याचा भलता विश्वास.

आम्ही तेव्हा सुरतेतच कोसाडच्या अलीकडे भाड्याने राहत होतो. घराच्या भिंतीला लागूनच तो कामाला होता ते खातं. आमच्या गच्चीवरून त्याचं छप्पर एक मजला खाली दिसायचं, सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं, वर लूममधून उडणाऱ्या रुईचा आणि धुळीचा राखाडी थर. उत्तरायणच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाशी उत्तरायणला, खातं बंद होतं. वॉचमनही कुठल्यातरी गच्चीवर गेला होता. दुपार कलली तेव्हा नवऱ्याने पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत यार्न बांधलं, मधे जेट टांगलं आणि आपला मोबाइल माझ्या हातात दिला. मागे आभाळभर पतंग येतील असा फोटो त्याला हवा होता. मी म्हटलं, आज आभाळात मांजा किती आहे बघा तरी. तो म्हणाला, आमचं यार्न लूमचा झटका सोसतं, पतंगाचं काय घेऊन बसलीस.

फोटो निघायच्या आत कुठूनतरी कटलेला एक पतंग आला. त्याच्या मागून लोंबणारा काचेचा मांजा आमच्या यार्नला नुसता लागला. झटका सोसणारं यार्न घासल्यासरशी तुटलं आणि जेट कठड्यावरून उडून खाली खात्याच्या पत्र्यावर पडलं.

मला वाटलं, तो हळहळेल, उद्या वॉचमनकडून शिडी मागेल. पण तो जिना उतरला, खालच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर गेला आणि तिथून सरळ पत्र्यावर पाय ठेवला. मी वरून ओरडले, पण चहूबाजूंनी लाउडस्पीकर वाजत होते. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मोबाइल लावावा तर त्याचा मोबाइल माझ्याच हातात.

पत्र्यावर कसं चालायचं हे त्याला माहीत होतं. पत्रे ज्या बोल्टने बसवलेले असतात त्या बोल्टच्या ओळीखाली लोखंड असतं. त्या ओळीवरून चाललं तर पत्रा माणसाला पेलतो, बाजूला पाय पडला तर फुटतो. खाली जमीन नव्हती, लूम होते, नुसतं लोखंड. एक एक बोल्ट पाहत तो जेटपर्यंत पोचला. त्याने जेट उचललं, फुंकर मारून धूळ उडवली, शर्टाच्या आत घातलं. ती फुंकर पाहून मला इतका राग आला की क्षणभर भीती विसरले.

मग तो परत फिरला. आता समोरून ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला, मान खाली घातली आणि थोडा तिरका चालू लागला. पुढे बोल्ट रुईखाली झाकले गेले होते. त्याच वेळी मला आठवलं की मी डबा घेऊन खात्यात जाते तेव्हा त्याच्या मशीनवर वरून उजेड पडतो. तिथे छपराला सिमेंटचा पत्रा नाही, उजेडासाठी बसवलेली प्लास्टिकची शीट आहे. वरून ती बाकीच्या पत्र्यांसारखीच राखाडी दिसत होती. आणि तो तिच्याकडेच चालला होता.

काही फेकावं तर तो दचकेल. ओरडून उपयोग नव्हता. कठड्याला धरून मी खाली पाहिलं तर माझी लांब सावली पत्र्यावर पडलेली दिसली, त्याच्या पावलांच्या थोडी पुढे.

लूमच्या आवाजात तोंडाचं कुणी ऐकत नाही. खात्यातली माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, शेठ आला, चहा सांग, सगळ्याला खुणा आहेत. लग्नानंतर त्याने मला त्या शिकवल्या होत्या आणि भांडण झालं की आम्ही घरातही तशाच बोलायचो. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरले की अर्थ एकच, मशीन बंद कर, आत्ता.

मी हात डोक्यावर आडवे धरले. पत्र्यावर सावलीनेही धरले. ते पाहायला त्याने मान खाली ठेवणं एवढंच हवं होतं, आणि मी देवाला म्हणत होते की याने आता वर बघू नये.

तो थांबला. पण एक पाय पुढे पडून गेला होता. शीट दबली, तिचा कोपरा तुटून आत गेला, त्याचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. तो तसाच मागे बसला. मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. मी तळवा खाली दाबून दाखवला, सावकाश. आडवे व्हा. मागे. तो पोटावर झोपला आणि माझ्या हातांकडे पाहत मागे सरकू लागला. एकदा तो भलतीकडे सरकला तेव्हा मी पुन्हा हात आडवे धरले आणि तो जागीच थिजला. पुन्हा बोल्टची ओळ दिसायला लागली तिथे मी त्याला उठायची खूण केली. तो उठला नाही. स्लॅबपर्यंत रांगतच आला.

गच्चीवर आल्यावर त्याने शर्टातून जेट काढून कठड्यावर ठेवलं. एक पंख मुळातून मोडला होता. तो त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हता. मला त्याला खूप काही सुनावायचं होतं, सगळं तोंडात तयार होतं. गावाकडच्या बोलीत एवढंच म्हणू शकले, "कसाले गयात तुम्ही?"

तो पत्र्यावरच्या भोकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "खाले मनंच मशीन व्हतं."

त्या भोकातून त्याने पाहिलं होतं. अगदी सरळ खाली, त्याचंच मशीन.

खातं सुरू झालं तेव्हा शेठने भोकाचा दोष पतंग लुटणाऱ्या पोरांवर टाकला. दुरुस्तीला वेळ लागला. मी डबा घेऊन गेले तेव्हा छपरातून ऊन आत येत होतं आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, चालत्या धाग्यांवर पडलं होतं. मी वर भोकाकडे पाहिलं, मग खाली लोखंडाकडे, आणि मधलं अंतर पाहिलं. गच्चीवरून ते मला दिसलं नव्हतं.

त्याने मला पाहिलं. हसला आणि तळवा हलवून खूण केली, चालू आहे, सगळं ठीक.

मी उलट खूण केली नाही. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिले. हात सोडले असते तर ते आपसूक पुन्हा डोक्यावर आडवे गेले असते.